बोलेरो मॅक्स पिकअप : टोमॅटोचा संपूर्ण हंगाम वाहून झाल्यानंतर

जुन्नर तालुक्यातून माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजार समितीत टोमॅटो पोहोचवण्यासाठी घेतलेली बोलेरो मॅक्स पिकअप, एचडी (जड मालासाठीच्या) श्रेणीतील लांब हौद्याची, आता हंगामभर वापरून झाली आहे. ही गाडी नीट समजायची असेल, तर तिचे घराणे पाहावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, १९९३ साली आर्माडा ही गाडी आली, तिच्याच बांधणीतून २००० साली बोलेरो घडली आणि पुढे त्याच नावाची पिकअप खेडोपाडी पोहोचली. मॅक्स ही २०२२ मधील पिढी असून तिच्या एचडी आणि सिटी श्रेणी २०२३ मध्ये आल्या.

लॅडर चेसिस (शिडीसारखी पोलादी चौकट), मागच्या चाकांना ओढ आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ही मांडणी जीपपासून चालत आली आहे, आणि तिची खरी किंमत भरल्या गाडीतच कळते. इंजिन २५२३ सीसीचे आहे. हा आकडा महिंद्राच्या जुन्या मार्शल-कमांडर गाड्यांच्या काळापासून ओळखीचा असला, तरी आताची इंधनव्यवस्था कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सर्व सिलिंडरना जास्त दाबाने डिझेल देणारी आहे. २२० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) कमी आरपीएमलाच हाताशी येतो, त्यामुळे चढावर वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत, आणि माळशेजच्या उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनावरच धरून ठेवता येते.

हौदा ३०५० मिमी लांब, म्हणजे दहा फुटांचा आहे. वीस किलोच्या क्रेटमध्ये रिकाम्या क्रेटचे वजन धरले, तर गाडीच्या १.७ टन भारक्षमतेत साधारण पंचाहत्तर क्रेट बसतात. जागा त्याहून अधिक असल्याने आणखी एक थर चढवण्याचा मोह होतो, बाजारात तसे सर्रास चालतेही, परंतु घाटात ब्रेकवर येणारा ताण पाहता मी त्याच्या स्पष्ट विरोधात आहे.

पाट्यांवरच्या कोणत्याही मालवाहू गाडीप्रमाणे हीदेखील रिकामी असताना खड्ड्यांत मागून उसळते, म्हणून परतताना रिकाम्या क्रेट दोराने घट्ट बांधणे आवश्यक आहे. पावसाळ्यात ओल्या घाटात रिकाम्या गाडीची मागची चाके हलकी पडतात, तेव्हा वेग आवरलेलाच बरा.

ज्यांचा माल नारायणगावच्या बाजारापलीकडे जात नाही, त्यांना सिटी श्रेणीतील १.३ टनांची गाडी पुरेशी आहे. मुंबईची नियमित फेरी करणाऱ्यांनी मात्र एचडीच घ्यावी.