अप्पा बळवंत चौकाजवळची पुस्तकबांधणी: फिलिपिन्सच्या गव्हर्नरांचे अहवाल

फिलिपिन्समधील अमेरिकी राजवटीच्या सुरुवातीचे प्रांतिक गव्हर्नरांचे वार्षिक अहवाल इंटरनेटवर वाचायला मिळतात. मात्र पडद्यावर ते सलग वाचवत नाहीत, म्हणून निवडक साडेतीनशे पाने मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या गल्लीतील एका लहान दुकानातून छापून, बांधून घेतली.

या कागदांत एक अवघड नोकरी दिसते, प्रांताच्या गव्हर्नरची. स्पॅनिश काळात प्रांताचा मुख्य अधिकारी, म्हणजे अल्काल्दे मायोर, करही गोळा करी आणि न्यायनिवाडाही करी. १८४४ पर्यंत तर ठरावीक रक्कम भरून त्याला स्वतःचा व्यापारही करता येत असे. १८८६ मध्ये लुझोन या सर्वांत मोठ्या बेटावरच्या प्रांतांत मुलकी गव्हर्नर आले आणि न्यायदान त्यांच्याकडून काढले गेले. पुढे १९०१ च्या अमेरिकी कायद्यातला गव्हर्नर आपल्याकडच्या कलेक्टरसारखा भासतो, पण तसा तो नव्हता. लवकरच त्याची निवड नगरपालिकांचे सदस्य करू लागले आणि तो बहुधा स्थानिक फिलिपिनो असे. तिजोरी मात्र खजिनदाराकडे आणि रस्ते-पूल सुपरवायझरकडे, आणि हे दोघे बहुतेक ठिकाणी अमेरिकी. तिघांच्या मंडळात त्याचे मत एकच. १९०२ च्या सुमारास पटकीची साथ, बुळकांडीने रेडे मेल्यामुळे पडीक राहिलेली भातखाचरे, टोळधाड आणि दरोडेखोर या सगळ्यांचा जाब त्यालाच द्यावा लागे, पैसा दुसऱ्याच्या हाती असतानाही. प्लेगच्या आठवणी जपणाऱ्या पुण्यात ही पाने वाचताना मन जड होते. याच पदावर १९०६ मध्ये तायाबास प्रांतात मान्वेल केसोन आणि सेबू प्रांतात सर्हियो ओस्मेन्या हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले दोघे निवडून आले, आणि पुढच्याच वर्षी दोघेही नव्या विधानसभेत गेले.

तिजोरीचे हे दुखणे जमाखर्चाच्या रुंद तक्त्यांतच नीट कळते, आणि म्हणूनच बांधणीला इतके महत्त्व. पहिल्या खेपेस कडा कापताना एका तक्त्याचा शेवटचा रकाना, म्हणजे नेमकी बेरीज, उडाली होती. मी ती दाखवताच दुकानातील काकांनी कुरकुर न करता पान पुन्हा छापले, कडेला कापडी पट्टी लावून ते घडीचे केले, आणि आता ते उघडले की सबंध वर्षाचा हिशेब टेबलावर पसरतो. मोठे कागद दुमडून केलेले फर्मे दोऱ्याने शिवलेले असल्यामुळे खंड सपाट उघडतो आणि डाव्या समासातले आकडे शिवणीत जात नाहीत. मागच्या वर्षी दुसरीकडे नुसत्या गोंदावर बांधून घेतलेल्या पुस्तकाची पाने महिन्याभरात सुटली होती.

पुठ्ठ्यावर गडद हिरवे कापड आहे. पाठीवरची सोनेरी अक्षरे थोडी तिरकी उमटली आहेत, पण त्याने वाचनात काही अडत नाही. काम द्यायला जाल तेव्हा तक्त्यांच्या पानांवर आधीच खूण करून द्यावी आणि आठ दिवसांची घाई करू नये. दुसऱ्या खंडाची पाने मी तिथेच दिली आहेत.