ओल्या कातळावर इपॉक्सी पुट्टी: सात महिन्यांनंतर

पाकिटावर छापलंय: 30 मिनिटांत धरते, 24 तासांत पक्की. भरती 24 तास थांबत नाही हो!

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ऑक्टोबरपासून रत्नागिरीजवळच्या खडकांवर या पुट्टीने जाळीचे पिंजरे बसवतेय. लिंपेट, म्हणजे टोपीसारखी गोगलगाय, खडकावरचं शेवाळ चरते. तिला बाहेर ठेवलं तर काय होतं, एवढाच प्रश्न. चार पिंजरे बंद, चार दोन बाजूंनी उघडे, चार चौकोन नुसतेच. अर्धे पिंजरे कशाला? जाळीची सावली पडते, पाणी मंदावतं; शेवाळ त्यामुळेच वाढलं नाही ना, हे कळायला. अमेरिकेतल्या रॉबर्ट पेन या परिसंस्था-अभ्यासकाचं बरं होतं, त्याला पिंजरेच नकोत. 1963 पासून वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर पहारीने तारामासे उचकटून समुद्रात भिरकावले, पुट्टीचा खर्च शून्य. तिथल्या 15 जाती 8 वर आल्या आणि 1966 चा तो पेपर आम्ही अजून वाचतोय.

मी अमावस्येला पहाटे पाचला, डोक्याला बॅटरी बांधून, आठही पिंजरे चिकटवले. दोन दिवसांनी पाच गायब. दुकानदार म्हणाला, "ताई, बाथरूमला सगळे हीच नेतात." एक तारा देऊन रिव्ह्यू लिहिलाही होता, किनाऱ्यावर रेंज नव्हती म्हणून दुकानदार वाचला.

मग कालवं काढणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "कोनाला कोंडतंस गो बाये?" सांगितलं. हसल्या. "अष्टमीला ये. भांगाचं पाणी एवढं वर चढत नाय."

घरी कालनिर्णय आणि मी भरतीचा तक्ता डाउनलोड करत बसलेली! भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत पिंजऱ्यांची वरची रांग दिवसभर कोरडी राहते, पुट्टीला तिचे 24 तास मिळतात. खालच्या रांगेला उधाणाच्या ओहोटीशिवाय पर्याय नाही. तिथे तारेच्या ब्रशने खडक खरवडायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, फडक्याने कोरडा करायचा, मगच पुट्टी. हात ओले ठेवा, नाहीतर ती बोटांनाच धरते. जांभ्यावर लावूच नका, दगडाचा पापुद्रा घेऊन सुटते.

डिसेंबरनंतर एकच पिंजरा गेला. बंद पिंजऱ्यांत उल्वा नावाचं हिरवं शेवाळ माजलं, अर्ध्यांत खडक बोडकाच. तो फोटो पाहून चार तारे केले.

आता पावसाळ्याआधी सगळं काढायचंय, तर पुट्टी सुटत नाही. छिन्नीचे 120 रुपये वेगळे.