खिशातला व्हॅरिओ : ग्लायडिंगच्या एका मोसमानंतर

वॉरंटीचा दावा फेटाळणारी ईमेल आली नसती, तर हा अनुभव लिहायला मी बहुधा दिवाळी उजाडू दिली असती. वसंतात घेतलेल्या या छोट्या ऑडिओ व्हॅरिओमीटरचे, म्हणजे हवेच्या दाबावरून आपण वर चढतोय की खाली उतरतोय ते आवाजाने सांगणाऱ्या यंत्राचे, चार्जिंगचे सॉकेट ऑगस्टमध्ये ढिले झाले आणि केबल एका ठरावीक कोनात धरून बसल्याशिवाय दिवा लागेना. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा उत्तर आले की हे यंत्र मुख्यतः पॅराग्लायडरसाठी आहे आणि ते ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, वापरल्यामुळे दावा मान्य होणार नाही. खोक्यावर ग्लायडरचे चित्र आहे, मेनूमध्ये ‘ग्लायडर मोड’ आहे, आणि ढिल्या सॉकेटचा विमानाच्या जातकुळीशी काय संबंध, असे मी आधी सभ्य भाषेत आणि मग जरा कमी सभ्य भाषेत विचारले. अखेर दुरुस्ती फुकट झाली, टपालखर्च मात्र माझ्या माथी बसला. सॉकेटचा विषय इथेच संपवतो, कारण माझे खरे भांडण त्या ग्लायडर मोडशी आहे.

आमचा क्लब इंग्लंडमध्ये, कॉट्सवोल्डच्या डोंगरकडेजवळ आहे. क्लबच्या जुन्या ग्लायडरमधले व्हॅरिओ मुके आहेत. काटा वर-खाली हलतो, पण आवाज येत नाही. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेच्या प्रवाहात, पाच-सहा ग्लायडर एकाच बाजूने घिरट्या घालत असताना काट्याकडे बघत बसणे धोक्याचे असते, नजर बाहेरच हवी, आणि म्हणून आवाजाची सोय ही चैन नसून गरज आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. क्लबच्या विमानात स्वतःचे उपकरण कायमचे बसवता येत नाही, म्हणून खांद्याच्या पट्ट्याला चिमट्याने अडकवता येईल असे हे यंत्र घेतले. त्याच्या किमतीत विंचवरून (जमिनीवरचे हे यंत्र दोर ओढून ग्लायडर वर चढवते) कितीतरी वेळा वर जाऊन आलो असतो, हा हिशेब खरेदीच्या वेळी मनात होता आणि अजूनही आहे.

पहिली अडचण विंचच्या दोरीवरच कळली. विंच लाँचमध्ये पाऊण मिनिटाच्या आत हजार फुटांच्या वर चढतो, आणि हे यंत्र त्या सबंध वेळात कानाशी किंचाळते. त्या वेळी वैमानिकाने वेगाच्या काट्याकडे आणि हवेच्या सळसळीकडे लक्ष ठेवायचे असते. दोर तुटला तर नाक ताबडतोब खाली घेऊन वेग सांभाळायचा असतो. अशा वेळी कानाशी किंकाळी कोणालाच नको, त्यामुळे इन्स्ट्रक्टरने पहिल्याच दिवशी ते बंद करायला लावले. आता मी ते मूक ठेवून वर जातो आणि विंचचा दोर सोडल्यावर बटण दाबतो. बटण मसुराच्या दाण्याएवढे आहे.

जुलैत हवा स्थिरावली आणि सलग काही दिवस उडायला मिळाले. सकाळी हँगरमधून ग्लायडर ओढून काढायचे, तपासायचे, दुपारपर्यंत दुसऱ्यांचे पंख धरून धावायचे आणि आपली पाळी येईल तेव्हा ढगांच्या सावल्या बघून वर जायचे, असा त्या दिवसांचा क्रम होता. साध्या मोडमध्ये यंत्र चटकन बोलते यात वाद नाही. पंखाखाली धक्का जाणवतो न जाणवतो तोच सूर चढतो. मात्र स्टिक (विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढली तरी ते तितक्याच आनंदाने गाते. ६० नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) ४५ नॉटवर आलो तर वेगातली शक्ती उंचीत बदलून सुमारे ७० फूट फुकट मिळतात, आणि यंत्राला ती लिफ्ट, म्हणजे हवेने वर नेणे, वाटते. ९० वरून ५० वर आलो तर हा खोटा लाभ अडीचशे फुटांच्या घरात जातो. क्लबच्या के-२१ या ग्लायडरच्या शेपटीवर जी बारीक नळी असते, ती नेमकी यासाठी असते: वेग जास्त तितके त्या नळीतले शोषण जास्त, त्यामुळे वेग देऊन घेतलेली उंची हिशेबातून आपोआप वजा होते आणि काटा फक्त हवेने दिलेले दाखवतो. खिशातल्या यंत्राला अशी नळी कुठून असणार?

त्यावर निर्मात्यांनी काढलेला उपाय म्हणजे ग्लायडर मोड. यंत्र जीपीएसवरून वेग घेते, त्यातून गतीची ऊर्जा काढते आणि उंचीच्या हिशेबात मिळवते. त्या शांत दिवसांत हे इतके छान चालले की मी खूश होऊन गेलो. स्टिक ओढली तरी यंत्र गप्प, खरा थर्मल लागला की सूर चालू. ढगांचा तळ चार हजार फुटांवर, लिफ्ट तीन-चार नॉटची, आणि डोळे सतत बाहेर. जुलैच्या अखेरीस कोणी विचारले असते, तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते, अर्धा त्या बटणासाठी कापून.

मग पश्चिमेचा वारा सुटला. त्या दिवसापासून माझे मत जे फिरले ते फिरलेच.

जीपीएसला जमिनीवरचा वेग कळतो, हवेतला कळत नाही. हवेतला वेग ५० नॉट आणि वारा १५ नॉट असेल, तर घिरटी घेताना जमिनीवरचा वेग वाऱ्याच्या तोंडाला ३५ आणि वाऱ्याबरोबर ६५ होतो. ऊर्जेच्या भाषेत हा फरक सुमारे ४० मीटर उंचीएवढा आहे. एक घिरटी साधारण २० सेकंदांची, म्हणजे अर्ध्या घिरटीत यंत्र सरासरी ८ नॉटची खोटी लिफ्ट दाखवते आणि उरलेल्या अर्ध्यात तेवढेच खोटे सिंक, म्हणजे खाली जाणे. इथल्या थर्मलची खरी ताकद त्याच्या निम्मी असते, तेव्हा खऱ्या आवाजाचे काय होत असेल याची कल्पना करावी. समोरचा मुका काटा तीनवर जवळजवळ स्थिर होता आणि खांद्यावरचे यंत्र आळीपाळीने गात आणि कण्हत होते.

याहून वाईट गोष्ट मला घरी कागदावर आकृती काढल्यावर कळली. डावी घिरटी घ्या किंवा उजवी, खोटा सूर नेहमी घिरटीच्या वाऱ्याकडच्या बाजूलाच लागतो. नवशिका ‘जिकडे सूर तिकडे सरक’ हा शिकवलेला नियम पाळतो आणि दर घिरटीला वारा येतो त्या दिशेने थोडा पुढे जातो. थर्मल मात्र वाऱ्याबरोबर मागे वाहत असतो. दोन-तीन घिरट्यांत तुम्ही त्याच्या पुढच्या कडेतून बाहेर पडता, आणि यंत्र तरीही गातच असते. चुकणारे उपकरण मी समजू शकतो, पण सतत एकाच बाजूला ढकलणारे उपकरण हा वाईट सल्लागार आहे. माहितीपत्रकात ‘जोरदार वाऱ्यात किंचित फरक संभवतो’ एवढेच एक वाक्य आहे. किंचित!

बाकीचे थोडक्यात. बॅटरी दिवसभर पुरते. उन्हात पडदा वाचता येतो. उकाड्यात कॅनॉपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) सरकती खिडकी उघडली की कॉकपिटमधला दाब बदलतो आणि यंत्राला क्षणभर आपण उडालो की बुडालो ते कळत नाही. याची मात्र सवय होते.

कामशेतला पॅराग्लायडिंग करणारा माझा मावसभाऊ असेच यंत्र वर्षानुवर्षे वापरतो आणि त्याची तक्रार नाही. ते योग्यच आहे: पॅराग्लायडरचा वेग फारसा बदलत नाही, त्यामुळे साधा मोडच त्याला पुरतो. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर एप्रिल-मेच्या उन्हात, जिथे थर्मल दणकट असतात, तिथे वारा पडलेला असेल तर ग्लायडर मोडचाही इतका त्रास होऊ नये. इंग्लंडच्या अशक्त थर्मलमध्ये आणि नेहमीच्या पश्चिम वाऱ्यात मात्र मी तो मोड कायमचा बंद केला आहे. स्टिक ओढल्यावरचे खोटे गाणे निदान ओळखता येते, कारण स्टिक आपल्याच हातात असते.

स्वतःचे ग्लायडर असेल त्याने शेपटीवरच्या नळीला जोडलेला आवाजाचा व्हॅरिओ बसवावा आणि यात पैसे घालू नयेत. माझे यंत्र अर्ध्या किमतीत घ्यायला मावसभाऊ तयार आहे. मी दोन तृतीयांश मागतो आहे, आणि टपालखर्च या वेळी त्याचा.