पाठिंब्याचे गुण आणि मतदाराची शंका: फाइव्हथर्टीएटच्या एंडोर्समेंट ट्रॅकरचे परीक्षण

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत एखाद्या गव्हर्नरने किंवा सिनेटरने कुणाला जाहीर पाठिंबा दिला, की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. उमेदवाराचा गोट त्या पाठिंब्याचा मोठा गाजावाजा करतो आणि सामान्य मतदार विचारतो, ‘यांना यातून काय मिळणार आहे?’ पहिल्या गोष्टीची पद्धतशीर मोजदाद करणारी सर्वांत परिचित सेवा म्हणजे फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाचा एंडोर्समेंट ट्रॅकर. नेट सिल्व्हर यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळाचे नाव अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमधील ५३८ मतांवरून आले आहे. एबीसी न्यूजने मार्च २०२५ मध्ये ते बंद केले, तरीही या ट्रॅकरचे परीक्षण करणे मला आवश्यक वाटते. २०२८ च्या निवडणुकीच्या वेळी कुणीतरी याच धर्तीचे काही उभारणार हे उघड आहे आणि त्याने जुन्या सेवेतील गुण उचलावेत, दोष उचलू नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सेवा विनामूल्य होती आणि वापरायला अतिशय सोपी होती. उमेदवारांची नावे, प्रत्येकाच्या खात्यावर जमा झालेले गुण, कोणत्या नेत्याने कोणत्या तारखेला पाठिंबा दिला याची यादी आणि काळानुसार चढत जाणारा आलेख एवढे सारे एकाच पानावर दिसत असे. २०१६ च्या आवृत्तीत गव्हर्नरच्या पाठिंब्याला १०, सिनेटरच्या पाठिंब्याला ५ आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्याच्या पाठिंब्याला १ गुण होता. या आकड्यांमागचा हिशेब मला आजही आवडतो. गव्हर्नर ५०, सिनेटर १०० आणि प्रतिनिधी ४३५ असल्यामुळे या वजनांनी तिन्ही गटांचे एकूण माप जवळपास सारखे होते आणि संख्येने मोठे असलेले प्रतिनिधिगृह बाकीच्यांना झाकून टाकत नाही. शिवाय १९८० पासूनच्या निवडणुकांशी तुलना करता येत असल्याने, आजचा उमेदवार पूर्वीच्या विजेत्यांच्या मानाने कुठे उभा आहे, हे क्षणात समजत असे. पक्षातील मातब्बर मंडळी ज्याच्यामागे एकवटतात तोच बहुधा उमेदवारी मिळवतो, हा राज्यशास्त्रातील सिद्धान्त या पानाचा पाया होता.

नेमक्या २०१६ च्या निवडणुकीत तो पाया हादरला. २०१५ मध्ये या तक्त्यावर रिपब्लिकन पक्षात जेब बुश आघाडीवर होते आणि पुढे मार्को रुबिओ वर चढले. डोनाल्ड ट्रम्प यांनी मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना आणि नेवाडा ही तीन राज्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार फेरीत (प्रायमरी किंवा कॉकस) ओळीने जिंकली, तोवर एकाही विद्यमान गव्हर्नरने, सिनेटरने किंवा प्रतिनिधीने त्यांना जाहीर पाठिंबा दिला नव्हता. नेवाडाचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहातील पहिले दोन सदस्य त्यांच्या बाजूने आले, २६ तारखेला न्यू जर्सीचे गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती आले आणि २८ तारखेला अलाबामाचे सिनेटर जेफ सेशन्स आले. एवढ्यावरून ट्रॅकर निरुपयोगी ठरत नाही. पक्षाचे नेतृत्व आणि पक्षाचे मतदार यांच्यात किती अंतर पडले आहे, हे त्या शून्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही दाखवले नसते. मात्र पान त्या शून्याचा अर्थ सांगत नव्हते आणि उतावळा वाचक त्यातून ट्रम्प यांचा पराभव वाचत होता.

२०२० साठी गुणांची पट्टी बदलण्यात आली. माजी राष्ट्राध्यक्ष, माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि पक्षाचे विद्यमान राष्ट्रीय नेते यांना १०, गव्हर्नरांना ८, सिनेटरांना ६, शर्यतीतून बाहेर पडलेल्या प्रतिस्पर्ध्यांना ५, प्रतिनिधी आणि मोठ्या शहरांचे महापौर यांना ३ आणि त्याखाली लहान पदे अशी ती रचना होती. ही सुधारणा योग्य दिशेने होती, कारण पद सोडलेल्या नेत्याचा शब्दही मोलाचा असू शकतो, हे तिने मान्य केले. या नव्या पट्टीने २०२० च्या आरंभी डेमोक्रॅटिक पक्षाच्या शर्यतीत ज्यो बायडन यांना आघाडीवर दाखवले होते आणि आयोवात चौथ्या व न्यू हॅम्पशायरमध्ये पाचव्या क्रमांकावर फेकले गेलेले बायडनच अखेरीस उमेदवार झाले, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. तरीही मूळ अडचण सुटली नाही. माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी ९ डिसेंबर २००३ रोजी हार्लेममध्ये त्यांच्या पक्षातील उमेदवारीचे इच्छुक हॉवर्ड डीन यांना दिलेला पाठिंबा घ्या. जुन्या पट्टीने त्याला शून्य गुण मिळाले असते, नव्या पट्टीने पूर्ण १०. प्रत्यक्षात डीन सहा आठवड्यांच्या आत आयोवात तिसरे आले. एकाच घटनेला दोन पट्ट्या दोन टोकांची किंमत देतात आणि त्यांतली एकही मतदाराने ती बातमी कशी घेतली, हे सांगत नाही.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ट्रॅकर पाठिंबा देणाऱ्याचे पद तोलतो, तर मतदार तो कुणाच्या तोंडून, कोणत्या वेळी आणि कशासाठी येतो आहे, हे तोलतो.

दोन उदाहरणे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. २६ फेब्रुवारी २०२० रोजी प्रतिनिधिगृहातील साउथ कॅरोलायनाचे सदस्य जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, तेव्हा मतदानाला तीनच दिवस उरले होते. ‘आम्ही ज्यो यांना ओळखतो आणि ज्यो आम्हाला ओळखतात’ अशा आशयाचे त्यांचे साधे शब्द राज्यातील कृष्णवर्णीय मतदारांपर्यंत पोहोचले. बायडन सुमारे ४९ टक्के मते घेऊन जिंकले आणि मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत मोठ्या हिश्श्याने क्लायबर्न यांच्या पाठिंब्याला महत्त्व दिले. मतदानानंतर दोन दिवसांनी पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार हे माघार घेतलेले प्रतिस्पर्धीही बायडन यांच्यामागे उभे राहिले आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे अनेक राज्ये एकाच दिवशी मतदान करतात त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्ये बायडन यांच्याकडे गेली. दुसरे उदाहरण आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांचे. त्यांनी ६ नोव्हेंबर २०२३ रोजी रॉन डिसँटिस यांना पाठिंबा दिला. स्वतःच्या राज्यातील लोकप्रिय गव्हर्नर, कॉकसला दोन महिन्यांहून अधिक अवकाश आणि राज्यातील सगळ्या ९९ काउंट्या (जिल्हे) पालथ्या घालणारा उमेदवार, असे सारे जुळून आले होते. १५ जानेवारी २०२४ रोजी ट्रम्प यांना ५१ टक्के आणि डिसँटिस यांना सुमारे २१ टक्के मते मिळाली आणि डिसँटिस एकाही काउंटीत पहिले आले नाहीत. २०१६ च्या पट्टीने या दोन पाठिंब्यांचे गुण काढले, तर रेनॉल्ड्स यांना १० आणि क्लायबर्न यांना १ गुण मिळतो.

क्लायबर्न यांच्या मतदारांमध्ये पुष्कळ जण बायडन यांच्याकडे आधीच झुकलेले होते, पण ते जिंकू शकतील का, या शंकेने थांबले होते. पाठिंब्याने ती शंका दूर केली. आयोवात मात्र ट्रम्प यांचे मतदार ट्रम्प यांना आठ वर्षे ओळखत होते. त्यांना नवी माहिती नको होती, म्हणून गव्हर्नरांचा शब्द त्यांना सल्ल्यापेक्षा दबावासारखा अधिक वाटला असावा. मतदाराचे मन बनलेले आहे की अजून घडते आहे, हे पाहिल्याशिवाय पाठिंब्याचे वजन ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून ट्रॅकरवरील गुणांच्या शेजारी त्या राज्यातील अनिश्चित मतदारांचे प्रमाण दाखवायला हवे होते. मतचाचण्यांचे सरासरी आकडे तर याच संकेतस्थळावर दुसऱ्या पानावर उपलब्ध असत.

मतदारांच्या संशयाचा सर्वांत ठळक दाखला २०१६ मधील ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी सिनेटर टेड क्रूझ यांचा आहे. ३ मे २०१६ रोजी त्यांनी ट्रम्प यांना अट्टल खोटारडा आणि नीतिशून्य म्हटले. ट्रम्प यांनी क्रूझ यांच्या पत्नीच्या दिसण्याची टवाळी केली होती आणि क्रूझ यांच्या वडिलांचे नाव राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येशी जोडले होते. २० जुलै रोजी क्लीव्हलंडच्या पक्ष अधिवेशनात क्रूझ यांनी पाठिंबा न देता ‘सदसद्विवेकाला स्मरून मतदान करा’ असे आवाहन केले आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी फेसबुकवर ट्रम्प यांना मत देणार असल्याचे जाहीर केले. पक्षाच्या उमेदवाराला पाठिंबा देण्याचे वचन आपण दिले होते आणि हिलरी क्लिंटन आपल्याला पूर्णपणे अमान्य आहेत, अशी दोन कारणे देऊन त्यांनी सर्वोच्च न्यायालयापासून सुरुवात करत सहा धोरणात्मक मुद्दे मांडले. ही कारणे पोकळ नव्हती. न्यायालयातील रिक्त जागा हा त्या वर्षी अनेकांसाठी निर्णायक प्रश्न होता. पण मे महिन्यात जे अक्षम्य होते ते सप्टेंबरमध्ये क्षम्य कसे झाले, हा मतदाराचा प्रश्न त्याहून अधिक न्याय्य होता. २०१६ च्या पट्टीने मोजले, तर पाचाचा आकडा एवढेच काय ते उरते. आधीचे वक्तव्य आणि नंतरचा पाठिंबा एकाच ओळीत वाचायला मिळाले असते, तर वाचकाला स्वतःचा निर्णय स्वतः करता आला असता.

सिनेटमधील रिपब्लिकन नेते राहिलेले मिच मॅकॉनेल यांचा पाठिंबाही याच जातीचा आहे. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी सिनेटमध्ये त्यांनी ६ जानेवारीच्या संसद भवनावरील हल्ल्याची नैतिक जबाबदारी ट्रम्प यांच्यावर टाकली होती. ६ मार्च २०२४ रोजी, ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांनी माघार घेतल्यावर, मतदारांचा कौल स्पष्ट आहे आणि उमेदवार म्हणून ट्रम्प यांना आपले समर्थन राहील, अशा मोजक्या शब्दांत त्यांनी पाठिंबा दिला. त्यात उत्साहाचा लवलेश नव्हता. आधीपासून रस्त्यावर उतरून प्रचार करणारा आणि शर्यत संपल्यावर कर्तव्य म्हणून सही करणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

संशय केवळ उजव्या बाजूचाच असतो, असेही नाही. १२ जुलै २०१६ रोजी न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे बर्नी सँडर्स यांनी डेमोक्रॅटिक शर्यतीतील आपल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला आणि काही दिवसांनी फिलाडेल्फियातील पक्ष अधिवेशनात सँडर्स यांच्याच बाजूने आलेल्या प्रतिनिधींनी त्यांच्या आवाहनाला विरोधाच्या घोषणांनी उत्तर दिले. त्या वर्षाच्या एका मोठ्या सर्वेक्षणाच्या विश्लेषणानुसार प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के मतदार नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांच्याकडे गेले. बहुसंख्य समर्थकांनी सँडर्स यांचे ऐकले, ही बाजूही तेवढीच खरी आहे. पण नेत्याचा पाठिंबा म्हणजे त्याच्या मतदारांचे हस्तांतरण, असे समजणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

पदे आणि लाभ यांचाही एक स्तंभ हवा होता. सेशन्स पुढे ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) झाले, बुटिजेज वाहतूक मंत्री झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःची मोहीम थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा देणारे रॉबर्ट केनेडी ज्युनियर आरोग्य मंत्री झाले. यांतून सौदा सिद्ध होत नाही, कारण ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच नेता जबाबदारी देतो, हेही स्वाभाविक आहे. मात्र मतदाराच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो आणि उत्तम सेवेने ती माहिती आरोपाविना, केवळ नोंद म्हणून पुढे ठेवायला हवी.

पर्याय म्हणून निवडणुकांची माहिती देणारा ऑनलाइन कोश बॅलटपीडिया आणि विकिपीडिया या दोन ठिकाणी पाठिंब्यांच्या याद्या मिळतात. विकिपीडियाच्या याद्या प्रचंड लांब असतात आणि त्यांत अभिनेते, खेळाडू, संघटना सगळे एकत्र येतात. तारीख आणि मूळ दुवा शोधायला त्या सोयीच्या आहेत, पण चित्र समजून घ्यायला नाहीत. बॅलटपीडिया अधिक नेटका आहे. आलेखाची ती एका नजरेत समजणारी रचना मात्र फाइव्हथर्टीएटइतकी चांगली मला दोन्हीकडे दिसली नाही. जुनी पाने पाहायची असतील तर संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोध घ्यावा. विद्यार्थ्यांनी आणि पत्रकारांनी तो अवश्य घ्यावा.

गुणांकनाची शिस्त, पारदर्शक पट्टी आणि इतिहासाशी तुलना यांसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे देतो. पुढची आवृत्ती कुणीही काढो, तिने प्रत्येक नावापुढे पाठिंब्याची तारीख, मतदानाला उरलेले दिवस, त्या नेत्याचे उमेदवाराविषयीचे आधीचे वक्तव्य आणि त्याच्या राज्यात अजून मन न बनवलेल्या मतदारांचे प्रमाण या चार गोष्टी द्याव्यात. ही सर्व माहिती जाहीरपणे उपलब्ध असते, ती एकत्र करायला थोडी चिकाटी लागेल इतकेच.