वांग आणि काळ्या डागांवरचे घरगुती उपाय: सात महिन्यांच्या वापरानंतर काय ठेवलं, काय बंद केलं

नोव्हेंबर ते मे, म्हणजे थंडीतल्या कोरड्या हवेपासून भर उन्हाळ्यापर्यंत, स्वयंपाकघरातले आठ उपाय आळीपाळीने वापरून झाले. निकाल आधीच सांगतो. रोजच्या वापरात दोनच राहिले: कोरफडीचा गर आणि डाळीच्या पिठाचं साधं उटणं. डाग फिका होण्याचं श्रेय मात्र या दोघांनाही देता येत नाही. ते सनस्क्रीनचं आहे.

कोणता डाग आहे हे ओळखल्याशिवाय काहीही लावू नका, कारण ‘पिगमेंटेशन’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर सारख्याच आकाराचा तपकिरी पट्टा असेल तर ते बहुधा वांग. गरोदरपणात, पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी आणि उन्हाने ते वाढतं. मुरूम, वॅक्सिंग किंवा डास चावल्यानंतर राहतो तो डाग जखमेच्या जागीच असतो आणि नवी जखम झाली नाही तर काही महिन्यांत आपोआप फिका होतो. मान आणि काख मखमलीसारखी जाड, काळी झाली असेल तर तो मळ नसतो. बऱ्याचदा त्यामागे वाढलेलं वजन आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर असतं, तिथे लिंबू घासण्यापेक्षा साखरेची तपासणी करून घेतलेली बरी. आणि पाठीवर, दंडावर वाळूतल्या लाटांसारखा काळपटपणा दिसत असेल तर न्हाणीघरातली नायलॉनची घासणी आधी फेकून द्या. वर्षानुवर्षांच्या घासण्यानेच तो आलेला असण्याची शक्यता मोठी. वजरी टाचांसाठी आहे, मानेसाठी नाही.

उपाय चालतो की नाही हे आरशात कळत नाही. त्वचेचा वरचा थर बदलायला तरुणपणी साधारण 28 दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त. म्हणून आठ ते बारा आठवड्यांच्या आत काढलेला कुठलाही निष्कर्ष खोटा. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, सकाळी त्याच वेळी, फ्लॅश आणि फोनमधला ब्युटी मोड बंद करून फोटो काढायचा. लेप धुतल्यावर लगेच चेहरा उजळ दिसतो तो निव्वळ ओलाव्याचा परिणाम, दुपारपर्यंत उतरतो. व्हिडिओंमधले ‘आधी आणि नंतर’ बरेचदा याच अर्ध्या तासातले असतात.

आता लिंबू. सगळ्यात जास्त सुचवला जाणारा आणि आमच्या मते सगळ्यात आधी सोडून द्यायचा उपाय. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास, चेहऱ्याच्या त्वचेचा साधारण 5. एवढं आम्ल लावल्यावर चुरचुरतं त्याला लोक ‘काम करतंय’ म्हणतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत प्रत्येक जळजळीला रंगपेशी एकच उत्तर देतात: आणखी मेलॅनिन. ज्यासाठी लिंबू लावलं, तेच वाढतं.

दुसरा धोका याहून वाईट. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखी इजा होते. ती लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली, कधी फोड, आणि ते ओसरल्यावर रस जिथे जिथे ओघळला तिथे तिथे तपकिरी रेघा. त्या जायला आठवडे ते महिने लागतात. उन्हात लिंबं पिळणाऱ्यांच्या बोटांवर आणि मनगटावर असे पट्टे दिसतात. दोन दिवसांचं अंतर असल्यामुळे दोष लिंबाला न लागता उन्हाला किंवा साबणाला लागतो, आणि लिंबू चालूच राहतं. ‘त्यात व्हिटॅमिन सी असतं’ हे खरं आहे, पण 100 मिली रसात ते मिलिग्रॅममध्ये, फार तर 50 च्या आसपास. 10 टक्क्यांच्या सिरममध्ये तेवढ्याच मापात 10 ग्रॅम. लिंबाची साल वाळवून केलेली पूड, संत्र्याच्या सालीचं उटणं आणि सफरचंदाचा व्हिनेगरही आम्ही याच कारणांनी बाजूला ठेवले. व्हिनेगरने त्वचा भाजल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. खायचा सोडा उलट टोकाचा, अल्कली, तोही त्वचेचं कवच उखडतो.

बटाट्याचा रस निरुपद्रवी आणि निरुपयोगी. त्यातलं एन्झाइम रंग काढतं असं सांगतात. एक बटाटा किसून रस वाटीत ठेवा आणि थोडा वेळ बघत बसा. आधी गुलाबीसर, मग विटकरी, शेवटी काळपट तपकिरी. हे त्याच एन्झाइमचं काम आहे. ते रंग तयार करतं, काढत नाही. आपल्या त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेजचं ते नात्यातलंच आहे. आठ आठवड्यांच्या फोटोंत काही फरक नाही. गार बटाट्याच्या चकत्यांनी डोळ्यांची सूज उतरते, पण ती गारव्याने. ओल्या फडक्यानेही उतरते.

जायफळ दुधात उगाळून वांगावर लावायचं, हा उपाय बहुतेक घरांत आजीकडून आलेला असतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहिताना जपून लिहितो. सहाणेवर दहा-बारा वळसे दिले की फिकट तपकिरी गंध येतं, वास सुरेख. त्यात तेलं आहेत आणि त्या तेलांतले युजेनॉलसारखे घटक ॲलर्जी देणारे म्हणून ओळखले जातात. पहिले काही दिवस काही होत नाही, पण रोज लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कडेला खाज आणि लालसरपणा येऊ शकतो. अशी ॲलर्जी पुन्हा पुन्हा लावूनच तयार होते, म्हणून ‘इतके दिवस तर चाललं’ हा पुरावा नव्हे. गंध वाळल्यावर बोटाने चोळून काढायची सवय असते, त्यात जायफळाचे खरखरीत कण त्वचेला ओरबाडतात. बंद केलं.

ज्येष्ठमधात मात्र खरं काहीतरी आहे. त्यातलं ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला अडवतं आणि ज्येष्ठमधाचा अर्क डागांवरच्या कित्येक क्रीममध्ये वापरतात. घरी अडचण ही की ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पूड पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवली की पिवळट चिखल होतो आणि हवं ते पुडीतच राहतं. नुकसान आढळलं नाही, फायदाही मोजण्याइतका नाही. यावर विश्वास असेल तर पूड नको, तयार क्रीम घ्या.

हळदीचं तसंच. प्रयोगशाळेत कर्क्युमिनचे गुण दिसतात, पण ते त्वचेत फारसं उतरत नाही, वर पिवळा रंग सोडतं. उटण्यात चिमूटभर घालायला हरकत नाही; दोन चमचे पिठाला पाव चमच्याहून जास्त नको. सुटी, फार भडक पिवळी हळद टाळा, भेसळीत मेटॅनिल यलो किंवा शिशाचं क्रोमेट सापडतं. घरी हळकुंडं कुटून केलेली सगळ्यात बरी. कपाळावर नेमकं कुंकवाच्या जागी काळं पडत असेल तर उपाय शोधण्याआधी कुंकू बदलून बघा. त्यातल्या कृत्रिम रंगांनी तिथे ॲलर्जी होऊन डाग पडतो. चिकटवायच्या टिकलीतल्या गोंदाने उलट पांढरा डागही पडू शकतो.

उटण्याची आमची कृती अशी: बारीक चाळलेलं डाळीचं पीठ दोन चमचे, ताजं दही एक चमचा, थोडं दूध. दही आंबट नको. त्यातलं लॅक्टिक आम्ल साधारण एक टक्का, म्हणजे सालपट काढायला अपुरं, ओलावा द्यायला पुरेसं. पातळ लावायचं आणि सात-आठ मिनिटांत, कडा पांढऱ्या पडू लागल्या की ओल्या हाताने भिजवून धुवायचं. चूक इथेच होते. लेप पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवतात, हसलं की ओढतो, मग चोळून भुगा पाडतात. त्या चोळण्यात जी इजा होते तिचा डाग पुढच्या महिन्यात दिसतो. मसूर डाळीची जाडसर भरड, साखर, तांदळाचा रवा चेहऱ्यावर नकोच. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. यामुळे चेहरा मऊ आणि टवटवीत दिसतो. वांग जात नाही.

कोरफडीचं पान देठाशी कापलं की काठाने पिवळा, कडू वासाचा चीक येतो. तो धुण्याऐवजी पान उभं करून 15 मिनिटं निथळू द्या, मग साल काढून गर पाण्याखाली धरा. हा चीक राहिला तर चेहऱ्याला खाज सुटते आणि लोक म्हणतात, मला कोरफड मानवत नाही. फक्त पारदर्शक गर घ्यायचा, दोन दिवसांत संपवायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा. उन्हातून आल्यावर, वॅक्सिंगनंतर, मुरूम बसत असताना तो जळजळ शमवतो. जळजळ कमी म्हणजे नवा डाग कमी. आमच्या यादीत टिकला तो या एका कामासाठी.

नवं काहीही, तयार क्रीमसुद्धा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. एका रात्रीच्या पॅच टेस्टने ॲलर्जी कळत नाही.

ज्याने खरा फरक पडला त्याचं माप: एसपीएफ 30 किंवा जास्त, पीए+++ (यूव्हीए किरण अडवण्याचं माप), तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला मिळून. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीन चालत नाही म्हणतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. काचेतून यूव्हीए, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, आत येतात, त्यामुळे खिडकीजवळ बसणाऱ्यांनी घरातही लावायचं. वांगासाठी साध्या पांढऱ्यापेक्षा त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं चांगलं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. वर ओढणी किंवा रुंद काठाची टोपी. हळद, बेसन, खोबरेल तेल हे कोणीही याची जागा घेत नाही.

बारा आठवडे हे नीट करूनही डाग तसाच असेल तर डाग खोल आहे किंवा औषध लागणार आहे. 4-5 टक्के नियासिनामाइड (व्हिटॅमिन बी3 चा एक प्रकार) असलेलं क्रीम स्वतःहून सुरू करता येतं. ॲझेलिक ॲसिड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन त्वचारोगतज्ज्ञांना विचारून. हायड्रोक्विनोन महिनोन्‌महिने चालू ठेवलं तर निळसर-काळा कायमचा डाग पडू शकतो, आणि ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली गोरेपणाची ट्यूब मात्र घरगुती उपायांहून कितीतरी घातक. तीत बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन आठवडे चेहरा चकाकतो, नंतर त्वचा पातळ, लाल, केसाळ होते आणि बंद केलं की भडका उडतो. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, तरी मिळतात. लेबल नसलेल्या डब्यांतल्या क्रीममध्ये पारा असू शकतो. केरळमधल्या डॉक्टरांनी अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण नोंदवले आहेत.

एखादा उपाय लावून आग झालीच तर गार पाण्याने दहा मिनिटं धुवा, बर्फ घासू नका. चेहऱ्यावरचं बाकी सगळं बंद. फक्त सौम्य क्लिन्झर, रात्री पातळसं व्हॅसलीन, सकाळी सनस्क्रीन. फोड आले तर फोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लाली गेली म्हणून लगेच नवा लेप लावू नका. त्या जागी चार आठवडे काही नाही, उटणंसुद्धा नाही.