बारा बेसचं रोमन सैन्य: आठ महिने खेळून झाल्यावर

टेबलावरच्या ऐतिहासिक लढायांसाठी मी याआधी दोनदा मोठं सैन्य रंगवायला घेतलं होतं. दोन्ही वेळा शे-दीडशे प्लास्टिकचे शिपाई रंग न लागताच माळ्यावर गेले. गेल्या जूनमध्ये मात्र रोम आणि त्याचा प्राचीन शत्रू कार्थेज अशी दोन छोटी सैन्यं केली. ती पूर्ण झाली आणि आता जवळजवळ दर रविवारी लढतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी आता बिनधास्त सांगतो: बारा बेसच्या पुढे जाऊ नका. बेस म्हणजे दोन-चार शिपाई चिकटवलेली छोटी पट्टी, ती एक तुकडी म्हणून हलते.

नियम डीबीएचे, म्हणजे डी बेलिस अँटिक्विटॅटिस. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे नियम १९९० साली आले. प्रत्येक बाजूला बरोबर बारा बेस. माझ्या रोमन सैन्यात घोडेस्वारांचे दोन (त्यातला एक सेनापतीचा), तलवारी-ढालीच्या हस्ताती-प्रिंकिपेसचे सहा, भालेवाल्या त्रिआरींचे दोन आणि हलक्या पायदळाचे, म्हणजे वेलितींचे, दोन. माणसं मोजली तर ४२. रोज रात्री जेवणानंतर तासभर बसलो आणि सहा आठवड्यांत सैन्य उभं राहिलं.

१५ मिमीचे धातूचे शिपाई बाहेरून मागवायचे तर टपालखर्च आणि कस्टम जड जातं, म्हणून १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे घेतले. त्यांना ६० मिमी रुंदीचे बेस आणि तीन फूट चौरस मैदान पुरतं. जेवणाच्या टेबलावर प्लाय टाकला की झालं.

या प्लास्टिकचा खरा त्रास रंगाचा. पहिल्या दोन बेसवरचा रंग महिनाभरात भाल्यांवरून सोलून निघाला. तेव्हापासून शिपाई आधी भांड्यांच्या साबणानं धुतो, पूर्ण वाळवतो, मग पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात देतो आणि त्यावर ॲक्रेलिक रंग. शेवटी वार्निश. असे केलेले बेस आठ महिने हाताळूनही शाबूत आहेत. बेसवर चाळलेली वाळू आणि हिरवा रंगवलेला भुसा. दिवाळीच्या किल्ल्यासाठी करतो तोच.

रंगवताना प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचं वर्णन समोर ठेवलं होतं. रोमन शिपायाच्या शिरस्त्राणावर जांभळी किंवा काळी तीन उभी पिसं, जवळजवळ हातभर उंच. वेलिती कधी शिरस्त्राणावर लांडग्याचं कातडं घालत, कोण कसा लढतो ते अधिकाऱ्याला लांबून ओळखू यावं म्हणून. १/७२ मध्ये ते कातडं नखाएवढं. पण राखाडीवर तपकिरी वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, बसला की जीव येतो.

आता खेळाबद्दल. दर पाळीला एक फासा टाकायचा आणि जेवढे आकडे येतील तेवढे बेस किंवा गट हलवायचे. सलग उभी रांग एका आकड्यात पुढे जाते. पण चकमक झाली, एक-दोन बेस मागे रेटले गेले आणि रांग तुटली, की तीच माणसं हलवायला तीन-चार आकडे लागतात आणि फाशावर दोन पडलेले असतात. सेनापतीचा हुकूम मैदानात का पोचत नाही, हे मला पुस्तकांपेक्षा या एका फाशानं जास्त समजावलं.

दुसरी गोष्ट वेलितींची. सुरुवातीला ते दोन बेस मी कोपऱ्यात टाकून देत असे. कार्थेजचा हत्ती सरळ चालून आला की तलवारवाले टिकणं अवघड, आणि सलग तीन रविवार माझी मधली फळी तशीच फुटली. कार्थेज माझी पुतणी खेळते. चौथ्या रविवारी मी वेलिती पुढे काढले. हलक्या पायदळानं चकमक जिंकली तर हत्ती थेट मैदानाबाहेर, आणि हरले तरी ते बऱ्याचदा मागे हटून वाचतात. हत्ती उचलावा लागला तेव्हा ती म्हणाली, "काका, हे तू आधी का नाही केलंस?" इ. स. पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत रोमन सेनापती स्किपिओनं कार्थेजच्या हत्तींसाठी तुकड्यांमध्ये वाटा मोकळ्या ठेवून तिथे वेलितीच उभे केले होते. ते मी कितीदा तरी वाचलं होतं, पटलं त्या दिवशी.

चार बेस गमावले आणि ते शत्रूच्या नुकसानीपेक्षा जास्त असले की लढाई संपली. तासाभरात निकाल, त्यामुळे एका दुपारी दोन होतात.

एक उणीव जाणवते. हस्ताती थकले की प्रिंकिपेस, आणि अगदीच वेळ आली तर त्रिआरी, हा रोमन रांगांचा क्रम बारा बेसमध्ये दिसत नाही. पहिले दोघे इथे एकच आहेत. 'गोष्ट त्रिआरींवर आली' ही लॅटिन म्हण ज्याला टेबलावर अनुभवायची आहे, त्याला मोठेच नियम लागतील.

हेच रोमन इ. स. पू. १९७ ला किनोसेफली इथे मॅसेडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्याविरुद्ध लढले, त्यामुळे आता फक्त त्याचं सैन्य करायचं आहे. लांब भालेवाल्यांचे पहिले दोन बेस फेविकॉल लावून खिडकीत वाळत ठेवलेत.