पोरीच्या दातांना फ्लोराइड वार्निश लावून घेतलं, आमचा अनुभव (सोलापूर)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. वार्निश म्हणजे कीड रोखायला दातांवर फिरवायचा फ्लोराइडचा लेप. आमची पोरगी ६ वर्षांची, मागच्या वर्षी दुधाची एक दाढ किडली ती भरून घेतली आणि दिवाळीनंतर वरच्या दातांवर हिरडीला लागून खडूसारखे पांढरे डाग दिसायला लागले. मी घाबरलेच, कारण माझ्या माहेरी गावाकडं बोअरचं पाणी पिऊन मोठे झालेले चुलतभाऊ आहेत त्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, ते पाण्यातल्या फ्लोराइडमुळं झालं असं लहानपणापासून ऐकत आले. त्यात व्हॉट्सॲपवर फ्लोराइड म्हणजे विष असला मेसेज फिरत होता म्हणून दोन वर्षं मी पोरीला महागाची बिनफ्लोराइडची पेस्ट आणत होते.

विजापूर रोडच्या बाजूला लहान मुलांच्या दातांचं एक क्लिनिक आहे तिथं नेलं. मॅडमनी तोंड उघडायला सांगायच्या आधी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. आता आपल्या सोलापुरात याचं एका शब्दात उत्तर कुठं आहे, उजनीचं नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, संपलं की सोसायटीचं बोअर, आणि प्यायला वीस लिटरचा जार. मॅडम म्हणाल्या जार आरओचा असेल तर फ्लोराइड बरंचसं निघून गेलेलं असतं, पण बोअरचं एकदा तपासून आणा. लॅबमध्ये बाटली दिली, रिपोर्ट आला लिटरला १ मिलिग्रॅमच्या बराच खाली. आपल्या देशाच्या मानकात मर्यादा १ आहे, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्यावरचं पाणी मूल वर्षानुवर्षं पीत राहिलं तर दात हिरडीच्या आत तयार होतानाच, म्हणजे साधारण ८ वर्षांच्या आत, वरचं आवरण बिघडतं, मग तो डाग ब्रशनं जात नाही. आणि पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही! आमच्या सासूबाई सगळं उकळूनच देतात, त्यांनाही हे नवीन होतं.

मग पोरीचे डाग कसले? मॅडमनी आरसा धरून दाखवलं. फ्लोराइडचे डाग बहुतेक दोन्ही बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि आडव्या रेघांसारखे असतात, हिचे मात्र हिरडीच्या कडेला जिथं अन्न साचतं तिथं, म्हणजे कीड नुकती सुरू झालेली. साखरेवर जंतू आम्ल करतात, ते दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि फ्लोराइड असलं की ते परत बसायला मदत होते, खड्डा पडायच्या आत धरलं तर. म्हणजे जे हिला पाहिजे होतं तेच मी दोन वर्षं काढून ठेवलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या ह्यांनी मोबाईल काढून विचारलं, अमेरिकेत तर फ्लोराइड बंद करायलेत की वो मॅडम? त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या तिकडं नळाच्या पाण्यात मुद्दाम घालतात, १९४५ ला ग्रँड रॅपिड्स गावात सुरू झालं, आता लिटरला ०.७ मिलिग्रॅम धरतात, आणि २०२५ मध्ये युटा राज्यानं ते बंद केलं. आपल्याकडं पाण्यात कोणी घालत नाही, जमिनीतून येतं तेवढंच, म्हणून त्यांचं भांडण आपल्या पोरीवर लावू नका.

त्या पांढऱ्या डागांसाठीच मॅडमनी वार्निश लावलं, त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दात कापसानं पुसून छोट्या ब्रशनं पिवळसर चिकट लेप फिरवला, सुई नाही मशीन नाही, पोरगी रडली नाही. आधी ॲलर्जीचं विचारलं. दोन दिवस आधी हिनं हट्टानं चिक्की मागितली होती म्हणून मी मुद्दाम विचारलं, तर त्या दिवशी कडक, चिकट आणि गरम काही नाही, रात्री ब्रश नाही. दात एक दिवस पिवळट दिसले, दुसऱ्या सकाळी ब्रश केल्यावर गेले. ८०० रुपये घेतले. सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

आणखी एक गोष्ट सांगितली ती मला कोणीच सांगितली नव्हती, दुधाच्या दाढांच्या मागं सहाव्या वर्षी नवीन दाढ येते ती कायमची असते, दुधाचीच समजून आईबाप दुर्लक्ष करतात. हिची खालची अर्धी वर आलेली, आम्हाला पत्ताच नाही.

तक्रार दोनच. सहाची अपॉइंटमेंट, नंबर आला पावणेआठला, लहान पोरांना एवढा वेळ बसवणं बरोबर नाही. आणि घरी दिलेला सूचनांचा कागद सगळा इंग्रजीत, दुपारी पोरगी आजीजवळ असते, तिला कसा वाचता येणार. मी मराठीत लिहून फ्रिजला चिकटवलाय: फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, थुंकायचं, गिळायचं नाही, आणि रात्री ब्रशनंतर दूध नाही. पुढच्या वेळी मॅडमना हाच कागद झेरॉक्स काढून देणार आहे.